गल्लीत येणारे नवे खाद्यगृह आणि गाड्यांचा प्रश्न

प्रश्न : कोथरूडमध्ये मुख्य रस्त्यापासून आत, ९ मीटर रुंदीच्या रस्त्यावर आमची २४ सदनिकांची सोसायटी आहे. समोरच्या जुन्या बंगल्याच्या जागी नवी इमारत उभी राहत असून तिच्या तळमजल्यावर एका साखळी कंपनीचे फास्ट फूडचे दुकान येणार असल्याचा फलक लागला आहे. जवळच प्राथमिक शाळा आहे आणि ती सुटते तेव्हा रिक्षा व व्हॅन यांनी रस्ता आजच भरून जातो. गेल्या वर्षी माझ्या सासूबाईंना रात्री रुग्णालयात न्यायचे होते, तेव्हा रुग्णवाहिका कोपऱ्यावरच अडली आणि त्यांना खुर्चीत बसवून तिथपर्यंत न्यावे लागले. हे दुकान आम्हांला थांबवता येईल का? नसेल, तर निदान गाड्यांचे काय करता येईल?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : केवळ गर्दी होईल या कारणाने दुकान थांबवता येत नाही. इमारतीला बांधकाम परवानगी देताना शेजाऱ्यांच्या हरकती मागवण्याची सक्ती महापालिकेवर नाही. हरकतींची संधी मिळते ती विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध होते तेव्हा, आणि त्या वेळी आपल्या दारासमोर पुढे काय उभे राहणार हे कोणालाच दिसत नसते. ज्यांच्या घरासमोरचा रस्ता बदलणार त्यांना एका शब्दानेही विचारले जाऊ नये, हे मला अन्यायाचे वाटते. पण आज तरी रहिवाशांनीच पुढे होऊन कागद मागावे लागतात.

तो कागद म्हणजे मंजूर नकाशा. डिसेंबर २०२० पासून पुण्यासह राज्याच्या बहुतेक भागाला एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. कोणत्या रुंदीच्या रस्त्यावर कोणता वापर चालेल हे तिच्यात ठरवून दिलेले आहे, आणि वाहनतळाची गरजही वापरानुसार मोजली जाते. नकाशात तळमजल्यावर नुसते ‘दुकान’ लिहून तेवढ्यापुरतीच गाड्यांची जागा दाखवली असेल आणि प्रत्यक्षात तिथे स्वयंपाकघर व बसण्याची टेबले येणार असतील, तर वापर आणि वाहनतळ या दोन्हींची फेरतपासणी मागण्यास आपल्याला भक्कम आधार मिळतो. नकाशावर वाहनतळाचा तक्ता असतो. तो घेऊन जागेवर उभे राहा. एका मोटारीसाठी २.५ मीटर बाय ५ मीटर आणि एका दुचाकीसाठी १ मीटर बाय २ मीटर एवढी जागा धरलेली असते, त्यामुळे साध्या टेपनेही ताळा करता येतो. वाहनतळाच्या जागी जनित्र किंवा कोठार आणि सामासिक अंतरात, म्हणजे इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत, पत्र्याची शेड, हा प्रकार आपल्या शहरांत वरचेवर दिसतो. मंजुरीविरुद्ध असा वापर झाला, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५२ व ५३ खाली महापालिकेला कारवाई करता येते.

इमारत महारेराकडे (बांधकाम प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे) नोंदलेली असेल, तर मंजूर नकाशा त्यांच्या संकेतस्थळावरही पाहता येईल. नसेल, तर माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून नकाशाची प्रत मागा आणि मूळ फाईल स्वतः पाहण्याची मागणीही त्याच अर्जात करा. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते, म्हणून हा अर्ज याच आठवड्यात गेला पाहिजे.

आता रस्त्याचे गणित पाहू. ९ मीटरमध्ये पदपथही धरलेला असतो. दोन्ही बाजूंना एकेक मीटरचा पदपथ सोडला तर ७ मीटर उरतात. दोन्हीकडे मोटारी उभ्या राहिल्या, तर त्यांतले सुमारे ४ मीटर जातात आणि मध्ये जेमतेम ३ मीटर राहतात. त्यातून एक मोटार जाते. समोरून दुसरी आली की दोघेही अडकतात, आणि अग्निशमनाच्या बंबाला तर वळायलाही वाव राहत नाही. सासूबाईंच्या प्रसंगाची तारीख व वेळ लिहून हे गणित त्यासोबत अर्जात मांडा. ‘फार गर्दी होते’ या वाक्यापेक्षा त्याचे वजन कितीतरी जास्त असेल. त्याला जोड म्हणून शाळा सुटण्याच्या वेळी आणि संध्याकाळी सात ते दहा या वेळात, दर पंधरा मिनिटांनी उभ्या गाड्या मोजून आठवडाभराची नोंद ठेवा.

माझी खरी काळजी घरपोच पोहोचवणाऱ्या मुलांच्या दुचाकींविषयी आहे. बसून खाणाऱ्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांचा विचार वाहनतळाच्या तक्त्यात होतो, पण ऑर्डरची वाट पाहत दारात थांबणाऱ्या दहा-पंधरा दुचाकींचा विचार त्यात होत नाही. ती मुले मिनिटांच्या हिशेबावर काम करतात. त्यांच्याशी भांडून काहीही साधणार नाही आणि ते योग्यही नाही. त्यांना थांबण्यासाठी भूखंडाच्या आतच जागा हवी, ही मागणी दुकान चालवणाऱ्याकडे लेखी करा. दुकानाची सजावट सुरू होण्याआधी ती मान्य होण्याची शक्यता अधिक असते.

एक गोष्ट मात्र आपल्या सभासदांना मोकळेपणाने सांगावी लागेल. घरासमोरचा रस्ता सार्वजनिक आहे. तिथे गाडी लावण्याचा रहिवाशांना वेगळा हक्क नाही. सोसायटीतल्या दुसऱ्या-तिसऱ्या मोटारी रस्त्यावर उभ्या राहत असतील, तर आधी त्या आत घ्या, नाहीतर तक्रारीतली पहिली उलटतपासणी आपलीच होईल. वाहतूक शाखेकडे ‘नो पार्किंग’ किंवा सम-विषम तारखांचे पी-१, पी-२ फलक मागता येतात, पण ते लागल्यावर आपल्या पाहुण्यांनाही तेच बंधन असेल. माझ्या मते एका बाजूला कायमचे ‘नो पार्किंग’ मागणे अधिक हिताचे ठरेल, कारण त्यामुळे रुग्णवाहिकेला रोज मोकळी वाट मिळेल. या मागणीवर शाळेच्या मुख्याध्यापकांचीही सही घ्या.

अर्ज सोसायटीच्या ठरावासह बांधकाम विभाग, आरोग्य विभाग आणि वाहतूक शाखा या तिन्ही ठिकाणी द्या आणि प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांक घातलेली पोच घ्या. इमारत अजून पुरी झालेली नाही, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरात आणण्याची महापालिकेची परवानगी) बहुधा मिळालेले नसेल. ते देण्यापूर्वी वाहनतळाची जागेवर पाहणी करावी, अशी विनंती बांधकाम विभागाच्या अर्जात पहिल्याच परिच्छेदात असू द्या.