म्हाताऱ्या वाघ्याची गादी

प्रश्न : आमचा वाघ्या कारवान जातीचा, बारा वर्षांचा. गावी वाड्याच्या ढाळजेत पोत्यावर झोपायचा. आता आम्ही लातूरला नव्या घरात आलो, खाली गुळगुळीत टाइल्स. सकाळी उठताना त्याचे मागचे पाय थरथरतात. पुढच्या कोपरांवरचे केस जाऊन काळे घट्टे पडलेत. मुलानं ऑनलाइन गुबगुबीत गोल गादी मागवली. वाघ्या जेमतेम दोन रात्री तिच्यावर झोपला आणि पुन्हा फरशीवर. सासूबाई म्हणतात, कुत्र्याला कशाला पाहिजे गादी? – एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, वाघ्याला गादी पाहिजे, पण ही नको.

हीच चूक मी करून बसलोय. जनावरांच्या दवाखान्यात नोकरी संपवली, तरी घरच्या मोत्यासाठी कापसाची टम्म फुगलेली गादी भरून घेतली. पिंजारी म्हणाला, “डॉक्टर, बसंल ही.” मी ऐकलं नाही. महिन्याभरात मधे खळगा, कडेला गोळे. मोत्या त्यात रुतायचा, उठायला जोर लावला की पाय अजून खाली. मला आधी तो आळसच वाटला.

वाघ्या बसतो कसा ते आज नीट बघा. एक-दोन गिरक्या घेईल, पुढचे पाय दुमडील, मागचे हळूहळू खाली आणील आणि शेवटची वीतभर धपकन पडेल. सांधे आखडले की ते तेवढं अंतर सावरता येत नाही. त्यात कारवान म्हणजे अंगावर ना चरबी ना दाट केस. कोपराचं हाड थेट फरशीवर आपटतं. घट्टे त्याचेच. तिथं पाण्यानं भरलेली मऊ गाठ आली तर कुणालाही सुई टोचू देऊ नका, आत पू होतो. पशुवैद्यालाच दाखवा.

फोमच्या दुकानात रिबॉन्डेड फोम मागा. चुरा दाबून केलेला, रंगीबेरंगी ठिपक्यांचा असतो तो. तीन इंच तो खाली, वर इंच-दीड इंच साधा मऊ फोम. घेण्याआधी त्यावर गुडघा टेकून सगळा भार द्या. खालची जमीन गुडघ्याला लागली तर तो वाघ्याच्या कामाचा नाही. माप तो पाय ताणून झोपलेला असताना घ्या, नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत, आणि वर वीतभर धरा. ही जात अंग पसरूनच झोपते, गोल गादीत तिचं काय भागणार? काठ नकोत, ओलांडताना पाय अडतो. म्हातारपणी लघवी सुटते, म्हणून फोमला रेक्झिन शिवून घ्या, पण त्यावर धुता येईल अशी सुती खोळ हवीच. नुसतं रेक्झिन उन्हाळ्यात भाजतं.

उन्हाळ्याचं वेगळंच. वैशाखात तो गादी सोडून फरशीवर गेला तर ओढून आणू नका, फोम गरम होतो. दुपारी मोरीजवळ ओलं पोतं टाका, रात्री गादी. थंडीत मात्र दारातल्या वाऱ्यापासून ती आत सरकवा.

आणि गादीपेक्षाही आधी टाइल्सचं बघा. गादीपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि दारापर्यंत रबरी पायपुसणी किंवा सतरंजी टाका, सरकणार नाही अशी. नखं कापा. घसरण्याच्या भीतीनं म्हातारं कुत्रं उठायचंच टाळतं.

पायांची थरथर नुसत्या गादीनं जायची नाही; एकदा तपासून घ्या. वजन वाढलं असेल तर आधी भाकरी कमी करा. आपल्या अंगदुखीची गोळी मात्र अर्धीसुद्धा देऊ नका. आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंड निकामी होतं.

खोळीवर घरातली एखादी जुनी वाकळ अंथरा. ओळखीच्या वासावर वाघ्या लवकर टेकेल. सासूबाईंची असली तर उत्तम, फक्त त्यांना विचारून घ्या.