पिशवीला सूज आहे, काढूनच टाकू का?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ३७. विड्या वळते. दोन मुलं, धाकट्याच्या वेळी सिझर झालं. दोन वर्षं झाली, पाळी आली की नऊ-दहा दिवस अंगावरून जातं. पहिले तीन दिवस गाठी पडतात. मांडीवर सूप घेऊन बसले की उठायचं धाडस होत नाही, खाली काळं फडकं अंथरते. कळ अशी येते की हातातली कात्री गळून पडते. दिवसाला हजार वळायचे, आता सहाशे होतात. सोनोग्राफीत ‘बल्की युटेरस, अ‍ॅडेनोमायोसिस’ लिहिलंय. हिमोग्लोबिन ७.४. एका दवाखान्यात म्हणाले, पिशवीला सूज आहे, मुलं झालीत, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. सासूबाई म्हणतात, तांबी बसव. घरी आम्ही तेलुगू बोलतो, लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या.
– एक वाचक, अशोक चौक परिसर, सोलापूर

उत्तर : ताई, तुमच्या लिहिण्यात काही चुकलेलं नाही. चुकलंय ते त्या दवाखान्यातलं ‘नाहीतर कॅन्सर’. अ‍ॅडेनोमायोसिस म्हणजे कॅन्सर नव्हे, आणि त्या भीतीपोटी कुणी पिशवी काढायला सांगू नये.

‘पिशवीला सूज’ हा शब्द आम्हा डॉक्टरांनीच रूढ केला आणि मोठा घोळ करून ठेवला. सूज म्हटलं की बाईला वाटतं जंतू झालेत, मग अँटिबायोटिकचे कोर्स सुरू. पण इथे जंतूंचा संबंधच नाही. पिशवीच्या आतलं जे अस्तर दर महिन्याला वाढून पाळीत बाहेर पडतं, तसंच अस्तर पिशवीच्या जाड स्नायूत मुरून बसतं. तिथेही ते हार्मोनच्या तालावर फुगतं, पण बाहेर पडायला वाट नसते. स्नायू जाड होतो, पिशवी मोठी होते, रक्त जास्त जातं आणि कळा येतात. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी चादरीवरून सांगते. फायब्रॉइडची गाठ म्हणजे चादरीवरचं ठिगळ, बहुतेक वेळा उसवून निघतं. हे मात्र जेकार्ड चादरीवरच्या मोरासारखं, धाग्यातच विणलेलं. नुसता मोर काढायला गेलात तर चादर फाटेल.

मांडी घालून बसल्याने हे होत नाही. विडी वळणाऱ्या बायका हटकून विचारतात, म्हणून सांगितलं. बाळंतपणं, सिझर किंवा क्युरेटिंग (पिशवी आतून खरवडून साफ करणं) झालेल्यांत ते जास्त दिसतं.

आता तांबी. सासूबाईंना प्रेमाने सांगा, साध्या तांबीने तुमचं रक्त उलट वाढेल. त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं असेल ते वेगळं साधन आहे. दिसायला तांबीसारखंच, पण त्यात तांबं नसतं, लेव्होनॉरजेस्ट्रेल हे हार्मोन असतं, ५२ मिलिग्रॅम. ते पिशवीतल्या पिशवीत झिरपतं आणि निदान पाच वर्षं काम देतं. पहिले तीन-चार महिने मधूनमधून डाग पडतात. त्याला कंटाळून बायका काढून घ्यायला येतात आणि मला वाईट वाटतं, कारण त्यानंतरच खरा आराम सुरू होतो. ते नको असेल तर डायनोजेस्ट या हार्मोनच्या रोजच्या गोळ्या आहेत. पाळीच्या दिवसांत रक्त आटोक्यात ठेवायला ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड आणि कळांना मेफेनॅमिक देतात. मेफेनॅमिक उपाशीपोटी नको, भाकरी खाऊन घ्या. पायात किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली असेल तर ट्रॅनेक्झामिकआधी डॉक्टरांना सांगा.

पण या सगळ्याच्या आधी तुमचं ७.४. हे बीट नि गुळाने भरून निघणारं नाही. लोहाच्या गोळ्या किंवा शिरेतून लोह लागेल, डॉक्टर ठरवतील. चालताना धाप लागली, चक्कर आली किंवा तासाला पॅड बदलावं लागलं तर थांबू नका, सिव्हिल हॉस्पिटल गाठा. इतकं कमी रक्त असताना पिशवीचं ऑपरेशन घाईने करून घेणं तर धोक्याचंच.

ऑपरेशन कधीच नको, असं मी म्हणत नाही. औषधं, साधन नीट वापरूनही भागलं नाही तर पिशवी काढल्याने हा त्रास कायमचा जातो, आणि सुटलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. मात्र त्यानंतर साधारण सहा आठवडे जड उचलायचं नाही. हजार विड्यांमागे मजुरी मिळणाऱ्या घराने हा हिशेब आधी मांडावा. अंडाशय ठेवणार का, हे तोंडाने विचारा. तुमच्या वयात ते उगाच काढले तर पाळी जाण्याचे त्रास एका रात्रीत सुरू होतात. बीडमधून ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या काढल्याची चर्चा २०१९ मध्ये राज्यभर झाली. ‘मुलं झालीत, काढून टाका’ हे वाक्य तेव्हापासून माझ्या कानाला फार टोचतं.

सोनोग्राफी पोटावरून झाली असेल तर एकदा खालून, म्हणजे योनिमार्गातून करून घ्या. स्नायूतलं चित्र त्यात स्पष्ट दिसतं. आणि पुढच्या पाळीत रोज किती पॅड लागले, गाठी केवढ्या पडल्या, किती विड्या वळून झाल्या, हे कॅलेंडरवर लिहा. डॉक्टरांकडे रिपोर्टबरोबर ते पानही न्या. लोहाची गोळी घ्याल तेव्हा चहा दोन तास लांब ठेवा, सूप मांडीवर असताना तो किती लागतो हे मला ठाऊक आहे.