वाचक विचारतात : कैरोच्या गाड्यांवर काय खावं, काय टाळावं

थंडीत इजिप्तला जाणाऱ्या ठाणे-नवी मुंबईच्या वाचकांची बरीच पत्रं आली आहेत. पिरॅमिड, क्रूझ यांविषयी फारसं कुणी विचारलेलं नाही, बहुतेक प्रश्न पोटाचेच आहेत. त्यातले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

आम्ही चौघे शाकाहारी, आई-बाबा अंडंही खात नाहीत. टूरवाले म्हणतात, रोज हॉटेलातच जेवा. बाहेर खरंच काही मिळणार नाही का? — नौपाडा, ठाणे

हॉटेलच्या बुफेपेक्षा रस्त्यावरच तुमची सोय जास्त चांगली होईल. इजिप्तमधल्या सामान्य माणसाचा सकाळचा नाश्ता मुळात कडधान्याचाच असतो. ‘फूल मुदम्मस’ म्हणजे वाळवलेले फावा बीन्स अरुंद गळ्याच्या मोठ्या हंड्यात रात्रभर मंद आचेवर शिजवतात, सकाळी डावाने काढून ठेचतात आणि वर जिरं, मीठ, लिंबू, तेल घालतात. हवी असल्यास ताहिनी ही तिळाची पातळ चटणीही मिळते. ‘तामेया’ हा तिथला फलाफल, म्हणजे तळलेला वडा. त्यात काबुली चणे नसतात. सोललेले, फोडलेले फावा बीन्स भिजवून, न शिजवता, कोथिंबीर-पार्सली-शेपू-कांदापातीबरोबर वाटतात, म्हणून फोडल्यावर तो आत हिरवागार दिसतो. दोन्ही पदार्थ कोंड्याच्या ‘ऐश बलदी’ भाकरीबरोबर खातात.

त्यातही दुकान निवडून घ्या. फक्त फूल-तामेया विकणाऱ्या दुकानात कढईत तामेया, वांगी आणि बटाटेच तळलेले असतात. अंडी मात्र तिथे जवळपास नक्की असतात, आणि काही ठिकाणी ‘फूल’मध्ये सॉसेज किंवा ‘बस्तुर्मा’ हे मसालेदार सुकवलेलं मांस घालून देतात. ऑर्डर देतानाच ‘मिन घेर लहमा, मिन घेर बेद’ म्हणजे मांस नको, अंडं नको, असं सांगा.

नुसतं ‘शाकाहारी’ सांगून भागत नाही. मांसाचे तुकडे नसले की झालं, रस्सा चालतो, असं समजणारे बरेच भेटतात. त्यापेक्षा ‘सियामी’ हा शब्द पाठ करा. इजिप्तमधले कॉप्टिक ख्रिश्चन वर्षातले दोनशेहून अधिक दिवस उपास धरतात. त्या दिवसांत मांस, अंडी, दूध, लोणी काहीच चालत नाही, त्यामुळे सियामी म्हटलं की स्वयंपाक्याला नेमकं कळतं. काही उपासांत मासे चालतात, एवढं लक्षात ठेवून ‘मिन घेर समक’ही जोडा. मुलुखिया ही हिरवी पातळ भाजी दिसायला निरुपद्रवी असते, पण ती बहुधा कोंबडीच्या किंवा सशाच्या पाण्यात शिजवलेली असते. मसूर सूप आणि भरलेल्या भाज्यांचं ‘महशी’ यांतही रस्सा असू शकतो. हे तिन्ही पदार्थ विचारल्याशिवाय घेऊ नका.

कोशरीची ऑर्डर नेमकी कशी द्यायची? आणि ती घरी जमेल का? — कोपरखैरणे

कोशरी म्हणजे भात, मसूर आणि मॅकरोनीवर टोमॅटोचा सॉस, चणे आणि तळलेला कांदा. तिच्या दुकानात बहुधा दुसरं जेवण नसतंच. मध्य कैरोत शांपोलियों रस्त्यावरचं ‘अबू तारेक’ हे त्यातलं सर्वांत गाजलेलं. बसून खायचं असेल तर वेटर येतो. पार्सल हवं असेल तर बहुतेक ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून चिठ्ठी घ्यायची आणि ती वाढणाऱ्याला द्यायची. फक्त लहान, मध्यम की मोठी एवढं सांगायचं. पहिल्यांदा लहानच घ्या. भात, मसूर आणि मॅकरोनी एकत्र आल्यावर पोट फार लवकर भरतं.

टेबलावर दोन बाटल्या असतात. ‘दक्का’ म्हणजे लसूण-व्हिनेगर-जिऱ्याचं पाणी. ते सुरुवातीलाच दोन-तीन चमचे ओतून सगळं खालपासून कालवा. ‘शत्ता’ हे मिरचीचं तिखट, ते मात्र थेंबाथेंबाने घाला. मामलेदारची तिखट मिसळ हसत खाणाऱ्यांनीही आधी एका कोपऱ्यात चाखून बघावं. काही दुकानं वर कलेजी किंवा चिकन घालून देतात, म्हणून ‘सादा’ मागा. जैन वाचकांना मात्र कोशरी सुचवता येत नाही, कारण सॉसमध्ये लसूण आधीच मुरलेला असतो.

घरी चौघांसाठी : तांदूळ 1 वाटी, अख्खा मसूर पाऊण वाटी, लहान मॅकरोनी दीड वाटी, शेवया अर्धी वाटी, रात्रभर भिजवून शिजवलेले काबुली चणे अर्धी वाटी, कांदे 3 मोठे, टोमॅटो अर्धा किलो, लसूण 10-12 पाकळ्या, पांढरं व्हिनेगर.

कांद्यापासून सुरुवात करा. तो एकसारखा पातळ चिरून मीठ लावा, पंधरा मिनिटांनी घट्ट पिळा, चमचाभर मैदा चोळून मध्यम आचेवर तळा. पूर्ण तपकिरी होण्याच्या जरा आधीच काढा. बाहेर काढल्यावरही त्याचा रंग चढत राहतो आणि नेमका तिथे उशीर झाला की कडवटपणा येतो. न पिळता तळला तर तो मऊच राहतो. उरलेलं कांद्याचं तेल टाकू नका, पुढचा सगळा स्वाद त्यातच आहे.

मसूर कुकरला लावू नका, पीठ होतो. तासभर भिजवून उघड्या पातेल्यात पाऊण भाग शिजवा आणि निथळून घ्या. कांद्याच्या तेलात शेवया लालसर परता, त्यात धुतलेले तांदूळ, मसूर, मीठ आणि दोन वाट्या पाणी घालून झाकण ठेवा. मॅकरोनी वेगळी उकडा. सॉससाठी त्याच तेलात 4-5 पाकळ्या लसूण आणि चमचाभर धनेपूड परतून टोमॅटोची प्युरी घाला, दोन मोठे चमचे व्हिनेगर घालून वीस मिनिटं आटवा. सॉस पातळ राहिला तर सगळ्याचा चिखल होतो. दक्क्यासाठी उरलेला लसूण ठेचून त्यात पाव वाटी व्हिनेगर, अर्धी वाटी पाणी, एका लिंबाचा रस, चमचाभर जिरेपूड आणि मीठ घाला. वाढताना खाली भात-मसूर, मग मॅकरोनी, सॉस, चणे आणि सगळ्यात शेवटी कांदा. हा क्रम बदलला की कांद्याचा कुरकुरीतपणा गेलाच. आपल्या खिचडीशी कोशरीचं नातं सांगितलं जातं, पण खिचडीसारखी ती मऊ करायला गेलात तर बिघडते.

चार दिवसांच्या सहलीत दोन दिवस बाथरूममध्ये घालवायचे नाहीत. गाडी चांगली की वाईट, ते कसं ओळखायचं? — ऐरोली

टपरीवर मुख्य पदार्थ क्वचितच बाधतो. बाधतं ते त्याच्या शेजारचं. तळणीतून आत्ताच निघालेला तामेया सुरक्षित असतो, पण त्याच भाकरीत खोचलेली काकडी-टोमॅटोची कोशिंबीर नळाच्या पाण्याने धुतलेली असते. कापून उघड्यावर ठेवलेला टोमॅटो, सकाळपासून बाहेर असलेली ताहिनी, वाटीतलं लोणच्याचं पाणी या तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. ‘मिन घेर सलाता’ म्हणा. नुसतं म्हणून उपयोग नाही, भाकरी भरताना बघत राहा, कारण हात सवयीने सलाताकडेच जातो.

वेळही महत्त्वाची. फूल आणि तामेया सकाळी साडेअकराच्या आत खा. तोपर्यंत गिऱ्हाईक सतत असतं, घाणे गरम निघतात आणि तेल ताजं असतं. दुपारी तीनला ताटात पडून असलेले तामेये कितीही स्वस्त असोत, घेऊ नका. शुक्रवारी सकाळी पुष्कळ दुकानं बंद असतात आणि दुपारच्या नमाजानंतर उघडतात. रमजानमध्ये दिवसा बहुतेक गाड्या लागतच नाहीत. 2027 मध्ये रमजान फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सुरू होईल, बुकिंगपूर्वी ते बघा.

पाणी सीलबंद बाटलीचंच प्या, बर्फ नको. ओआरएसची पाकिटं इथूनच न्या. संपली तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात साखर 6 सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा चमचा. मीठ अंदाजाने वाढवू नका. ताप आला किंवा शौचात रक्त दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टर गाठा.

माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला जी६पीडी या एन्झाइमची कमतरता आहे. त्याने काय टाळावं? — घोडबंदर रोड

फूल, तामेया आणि ‘बिसारा’ ही हिरवी पातळ डाळ, हे तिन्ही पूर्ण बंद. सगळ्यांत फावा बीन्स आहेत आणि या कमतरतेत त्यांच्यामुळे तांबड्या पेशी फुटू शकतात. एखादा घास चाखायलाही देऊ नका. कोशरीत फावा नसतो, पण जिथे तामेयाही तळला जातो तिथला कांदा त्याच तेलातला असू शकतो, म्हणून फक्त कोशरीचं दुकान निवडा. भाजलेलं रताळं, कणीस, तीळ लावलेली, कड्यासारखी गोल ‘समीत’ भाकरी आणि ‘रोझ बि लबन’ ही तांदळाची खीर त्याला देता येईल. निघण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांशी बोलून टाळायच्या औषधांची यादीही बरोबर ठेवा. लघवी गडद, चहाच्या रंगाची झाली किंवा चेहरा फिकट, पिवळसर दिसला तर थेट रुग्णालय गाठा.

आम्हा दोघांनाही रक्तदाबाची गोळी आहे. तिथली सरबतं चालतील का? — वाशी

‘इर्कसूस’ टाळा. ते ज्येष्ठमधाचं काळं पेय आहे, त्याने रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. लघवीची गोळी चालू असेल तर ते आणखी वाईट. उसाचा रस मिळतो, पण आल्या-लिंबाशिवाय, निव्वळ गोड. काचेचे ग्लास बहुधा नुसते विसळलेले असतात, कागदी किंवा प्लास्टिकचा पेला मागा. थंडीच्या संध्याकाळी नाईलच्या काठावर ‘हुम्मुस अल-शाम’ मिळतं. तिखट-आंबट पाण्यातले उकळते चणे, पेल्यात चमच्यासह. गरम असल्याने ते सगळ्यांत निर्धास्त, फक्त मीठ कमी सांगा.

आम्ही मांसाहारी, पण गाय-म्हैस चालत नाही. शावर्मा, हवावशी खावं का? — खारघर

हवावशी म्हणजे भाकरीत भरून भाजलेला खिमा, तो बहुधा गोमांसाचाच असतो. ‘लहमा’ म्हटलं की तेच गृहीत धरा. ‘किबदा’ ही कलेजीही बहुतेक वेळा बैलाचीच. ‘फिराख’ म्हणजे कोंबडी, ‘दानी’ म्हणजे मेंढी. शावर्मा फिराखचा घ्या, तोही संध्याकाळी सातनंतर, जिथे जाळ पेटता आहे आणि काप सारखे निघत आहेत अशाच ठिकाणी. जाळ बंद करून कोमट ठेवलेला गोळा मुळीच नको.

आणि ‘फिसीख’. खारवून आंबवलेला हा मासा शम अन-नसीमच्या सणाला, म्हणजे कॉप्टिक ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, मोठ्या आवडीने खातात. नीट खारवला नाही तर त्यात बोट्युलिझमचं विष तयार होतं. 1991 मध्ये कैरोत अशा फिसीखमुळे 91 जण रुग्णालयात गेले, त्यांतले 18 दगावले. इजिप्तचं आरोग्य खातं आजही सणाआधी इशारा देतं. वास-चवीवरून हे विष ओळखता येत नाही. पाहुण्याने आग्रह मोडावा असा हा एक पदार्थ.

फसवणूक होते का? — बेलापूर

थोडीफार. एटीएममधून 200 इजिप्शियन पौंडांच्या नोटा निघतात आणि गाडीवाल्याकडे सुटे नसतात, म्हणून हॉटेलच्या काउंटरवरच 5, 10, 20 च्या नोटा करून घ्या. 50 पौंड आणि 50 पियास्तर या नोटांची अदलाबदल ही तिथली जुनी चलाखी आहे. पियास्तर म्हणजे पौंडाचा शंभरावा भाग, तेव्हा सुटे परत घेताना नोटेवरची इंग्रजी बाजू वाचा. फळ्यावरचे भाव अरबी अंकांत असतात. त्यांत शून्य म्हणजे नुसता ठिपका आणि जो आपल्याला शून्यासारखा गोल दिसतो तो पाच. व्ही अक्षरासारखा सात, उलटा व्ही म्हणजे आठ. एवढे चार ओळखता आले तरी ‘बिकाम?’ म्हणजे ‘कितीला?’ विचारून मिळालेला भाव फळ्याशी पडताळायला मदत होते. भाव लिहिलेलाच नसेल तर आधीच्या गिऱ्हाइकाने किती दिले ते बघा आणि तेवढेच पुढे करा.