गरजा वाढण्याआधी ठरव

प्रिय बाळा,
प्रभूमध्ये सलाम.

नवी नोकरी लागली, पगार जवळजवळ दुप्पट झाला, वाचून फार बरं वाटलं. पण पत्रात तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. एवढा पैसा हातात खेळणं विश्वासणाऱ्याला शोभतं का, ही एक. आणि मित्रांबरोबर ज्या सभेला गेलास तिथले वक्ते म्हणाले की देवाला द्याल त्याच्या शंभरपट पैसा तो परत देतो, हे खरं का, ही दुसरी. दुसरीपासून सुरू करतो, कारण ती वाचून मी अस्वस्थ झालो.

शंभरपटीचं वचन मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आहे. पण तो भाग सतराव्या ओवीपासून वाच. आधी एक श्रीमंत माणूस येशूकडे धावत येतो. लहानपणापासून सगळ्या आज्ञा पाळलेला. येशूने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली, असं मार्क आवर्जून लिहितो. तरी तो खिन्न होऊन निघून जातो, कारण मालमत्ता मोठी. मग शिष्य पेत्र म्हणतो, आम्ही तर सगळं सोडून आलो. त्याला उत्तर देताना येशू शंभरपटीचं बोलतो: घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं, आणि त्यांच्याबरोबर छळ. आता सांग, शंभर आया कुणाला मिळतात? ज्याला विश्वासापायी घराने बाहेर काढलं आणि मंडळीने, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या समाजाने, आपलं म्हटलं, त्याला मिळतात. एकमेकांना सांभाळणाऱ्या मंडळीविषयीचं हे वचन आहे. छळाचा शब्द गाळून ते सांगायचं आणि लगेच दानाची थैली फिरवायची, अशा माणसाच्या सभेला पुन्हा जाऊ नकोस. मला याचा राग येतो, आणि तो मी लपवणार नाही. अशा ठिकाणी कर्जाने पिचलेली, घरात दुखणं असलेली माणसं शेवटची नोट काढून देतात.

आता पहिली गोष्ट. पैसा मिळवणं पाप नाही. प्रेषित पौल आपल्या पत्रात तरुण सहकारी तीमथ्याला सावध करतो ते द्रव्याच्या लोभाबद्दल, आणि त्याच अध्यायाच्या शेवटी श्रीमंतांना सांगतो की उदार व्हा, परोपकारी व्हा. योहान्ना, सुसान्ना आणि दुसऱ्या कितीतरी स्त्रिया आपल्या पैशांतून येशूची आणि शिष्यांची सोय पाहत होत्या, हे लूक नोंदवून ठेवतो.

पंडिता रमाबाईंकडे बघ. विधवांसाठी त्यांनी काढलेल्या शारदा सदनाला अमेरिकेतल्या मंडळाने दहा वर्षांपुरती मदत कबूल केली होती. ती मुदत संपल्यावर काय, हा विचार करून बाईंनी केडगावला जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडं लावली. पुढचा हिशेब करणं त्यांच्या विश्वासाच्या आड आलं नाही. मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला. बाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीतून तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. सदनाच्या उत्पन्नासाठी घेतलेली ती जमीन या मुली-बायकांचं घर झाली. लूकच्या बाराव्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दाखल्यातला श्रीमंतही पुढचाच विचार करत होता. पीक भरपूर आलं, जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचं त्याने ठरवलं. त्याने चोरी केली नव्हती, कुणाला फसवलं नव्हतं. पण त्याचं बोलणं वाचताना दिसतं की माझं पीक, माझी कोठारं, माझा जीव, यापलीकडे त्यात दुसरा माणूसच नाही. केडगावच्या हिशेबात पहिल्यापासून माणसं होती.

म्हणून माझं तुला एकच कळकळीचं सांगणं आहे: 'पुरे' म्हणजे किती, हे आत्ताच ठरव. पगार वाढला की गरजा आपोआप वाढतात आणि त्या वाढल्याचं कळतही नाही. मेथॉडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली ऑक्सफर्डला असताना त्यांना वर्षाला ३० पौंड मिळत. २८ त खर्च भागवून ते दोन देत. पुढच्या वर्षी ६० मिळाले. खर्च २८, दान ३२. मग ९० मिळाले तेव्हा ६२ दिले, १२० मिळाले तेव्हा ९२. मिळकत चौपट झाली, राहणी जिथल्या तिथे. तुला संसार करायचा आहे, तेव्हा तुझा आकडा अगदी स्थिर राहणार नाही. तरी तो कागदावर असू दे, आणि लग्न ठरेल तेव्हा तिलाही दाखव.

दशांश, म्हणजे देवासाठीचा दहावा भाग, पगाराच्या दिवशीच बाजूला काढ. महिन्याअखेर उरेल त्यातून देऊ म्हटलं की काही उरत नाही. मन तयार झालं की देईन, असंही म्हणू नकोस. जिथे धन तिथे मन, असं प्रभू म्हणाला. म्हणजे धन आधी जातं आणि मन त्याच्यामागून चालत येतं. वसतिगृहातल्या एखाद्या मुलाची फी भरून बघ, त्याच्या निकालाची वाट तू त्याच्याइतकीच पाहशील.

एक मात्र सांभाळ. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलंय, हे मला माहीत आहे. आईबापाला द्यायचं ते 'देवाला अर्पण' म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांना येशूने कडक शब्दांत सुनावलं होतं. तेव्हा दशांशाकडे बोट दाखवून ते काम पुढे ढकलू नकोस. मंडळीच्या पाळकांनी विचारलं तर माझं नाव सांग.

गाडीचं विचारलंस. कामावर जायला हवी असेल तर घे, त्यात संकोच कसला? हप्ता मात्र असा ठेव की नोकरी गेली तरी सहा महिने झोप उडणार नाही, आणि वरिष्ठांनी खोट्या बिलावर सही मागितली तर नाही म्हणता येईल. वापरलेली चांगल्या अवस्थेतली मिळत असेल तर आधी ती बघ. नाताळला येशील तेव्हा तो आकड्याचा कागद घेऊन ये, आपण दोघं बसून पाहू.

तुझा,
काका