कागदी फुलं आणि सोळाशेचा हप्ता

निपाणीहून एका मुलीचं पत्र आलंय. वय 26, औषधांच्या दुकानात हिशेब लिहिते. वडील नाहीत. वैशाखात लग्न आहे, मुलगा गडहिंग्लजचा. खर्च वाचवायचा म्हणून तिनं बरंच काही घरीच करायचं ठरवलंय. पत्रिका स्वतः रंगवणार, स्टेजमागं क्रेप कागदाची फुलं लावणार, रुखवत मैत्रिणींना घेऊन करणार, ब्लाउजवरचं आरीवर्क यूट्यूब बघून शिकणार. यात 28,000 रुपये वाचतात, असा बाबवार हिशेब तिनं दिलाय. तिचा प्रश्न असा: "हातानं केलेली सजावट बघून सासरचे 'स्वस्तात उरकलं' म्हणून हसतील का?"

पत्राच्या शेवटाला, जाता जाता, हेही लिहिलंय: "हॉल आणि जेवणाचं टेन्शन नाही. आईनं गेल्या महिन्यात फायनान्सचे 80 हजार आणि बायकांच्या संघाचे 50 हजार कर्ज उचललेत. दोन्ही मिळून आठवड्याला सोळाशे, दोन वर्षं. ते तिचं ती भागवते, विड्या वळते ना. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे पण येतात."

पोरी,

हसतील. एखादी आत्या, एखादी चुलत सासू हसणारच. नावं ठेवायलाच आलेल्या बायका खऱ्या मोगऱ्यालाही नावं ठेवतात. झालं तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

आता "विड्या वळते ना" याकडे ये.

दुकानाच्या वहीत दहा रुपयांचा फरक आला तर तो सापडेपर्यंत तू घरी जात नसशील. मग हा हिशेब का केला नाहीस? आठवड्याला 1,600, दोन वर्षांचे 104 आठवडे, म्हणजे 1,66,400. उचललेत 1,30,000. नुसतं व्याज 36,400 झालं. तू रात्र रात्र जागून, बोटांना डिंक लावून वाचवणार 28,000. तुझी सगळी फुलं, सगळ्या पत्रिका, सगळं रुखवत त्या व्याजातच जिरलं आणि वर 8,400 अंगावर राहिले. गृहलक्ष्मीचे दोन हजार महिन्याचे असतात गं, आणि हप्ता आठवड्याचा आहे. ते दोन हजार सव्वा हप्त्यात संपतात. उरलेले कुठून येतात, ते तू लहानपणापासून घरात बघितलंयस. रात्री पानं भिजत घालायची. सकाळी त्यावर पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापायची. सूप मांडीवर घेऊन तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा, कट्टे करायचे, कारखान्यात नेऊन द्यायचे. तिथं तपासणाऱ्यानं काही विड्या बाजूला काढल्या की तेवढी मजुरी गेली. हजार विड्यांना आईला काय मिळतं ते मला माहीत नाही, तुला माहीत आहे. सोळाशेला त्या आकड्यानं भाग आणि येईल तो आकडा पत्रिकेच्या कोऱ्या कागदावर लिही. तितके हजार ती दर आठवड्याला फक्त हप्त्यासाठी वळणार आहे. घरातलं मीठ-मिरची त्याच्यावर. आणि तेव्हा तू गडहिंग्लजला असशील.

हातानं केलेलं लग्न म्हणतेस ना? त्यातले जास्तीत जास्त हात आईचे आहेत आणि तुझ्या हिशेबात ते कुठल्याच बाबीत धरलेले नाहीत.

मी आईची बाजू घेतेय असंही समजू नकोस. तिच्यावरही मी चिडलेय. तू लिहिलेली सातशे माणसांची यादी तिचीच असणार. बाप नसताना पोरीचं लग्न कसं थाटात केलं, हे भावकीला दाखवायचंय. ज्या भावकीनं इतक्या वर्षांत एकदा येऊन "चूल पेटली का" विचारलं नसेल, तिला 140 रुपयांचं ताट वाढायला ही बाई दोन वर्षं मान खाली घालून बसणार. याच निपाणीत तंबाखूच्या वखारीतल्या आणि विड्या वळणाऱ्या बायका ऐंशीच्या दशकात संघटना करून मजुरीसाठी भांडल्या. हजारामागं थोडे पैसे वाढावेत म्हणून किती झगडावं लागतं, हे तुझ्या आईला मी सांगायला नको. आणि तीच बाई सही करून 36,400 देऊन मोकळी होते.

तू लिहितेस की आतापर्यंत हॉलला 10,000 आणि आचाऱ्याला 5,000 इतकंच गेलंय, बाकीचे खात्यात आहेत. हे वाचून मला हायसं वाटलं. म्हणजे 1,15,000 शाबूत आहेत. ते थाटामाटात घालवायचे नाहीत. माणसं दोनशे कर, दोन्हीकडची मिळून. दोनशे ताटांचे 28,000 होतात, त्यातले पाच दिलेलेच आहेत. हॉल सोड. दहा हजार बुडाले तर बुडू देत, त्याच्यापायी हॉलचे उरलेले पंचवीस हजार घालवू नकोस. गल्लीतलं समुदाय भवन नाहीतर दारातला मांडव दोनशे माणसांना पुरतो. टॉवेल-टोपी आणि आहेराच्या साड्या दोन्हीकडून बंद, हे बैठकीतच बोलून टाका, नाहीतर ऐनवेळी कोणीतरी रुसून बसतो. 

आणि त्याच शाबूत पैशातून फायनान्सचं कर्ज या आठवड्यात संपवून टाक. संघाचे 50 हजार राहू देत, त्याचा हप्ता सहाशेच आहे म्हणतेस. तो लग्नापर्यंत तुझ्या पगारातून जाईल, लग्नानंतरही तुझ्याच पगारातून जाईल, आणि हे नवऱ्याला आधी सांगायचं.

त्याला आज रात्रीच फोन कर. समजूतदार आहे असं लिहिलंयस, तर कळूनच जाईल. "आमच्याकडची माणसं शंभरावर येणार नाहीत, तुमच्याकडचीही येऊ नयेत, आई कर्जात आहे," एवढंच बोल. कागदी फुलांचा विषय काढू नकोस. तो "घरी विचारून सांगतो" म्हणाला तर ठीक, विचारू दे. "लोक काय म्हणतील" म्हणाला तर मला परत पत्र लिही, वैशाखाच्या आधी लिही.

आईला पटवत बसू नकोस. ती रडेल, "तुझे बाबा असते तर" म्हणेल, आणि तू पुन्हा कात्री घेऊन फुलं कापायला बसशील. तिला घेऊन सरळ निघ. हप्त्याच्या मीटिंगला गटातल्या बायका असतात. त्यांच्यासमोर लाज वाटत असेल तर शाखेत जा. असं सूक्ष्म कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा 2022 पासून तसा नियम आहे. तिथला मुलगा गोड बोलेल. "ताई, एवढ्यात कशाला, उलट लग्न आहे तर टॉप-अप करून देतो" म्हणेल. वसुलीच्या जाचापायी कर्नाटकात 2025 मध्ये वेगळा कायदा करावा लागला, एवढं लक्षात ठेव आणि मान हलवू नकोस. आजपर्यंतच्या व्याजासकट आकडा कागदावर मागून घे, घरी दुकानाच्या वहीसारखा तपास, मग भर.

रुखवत कर हौसेनं, मैत्रिणींना बोलव, त्यात मजा असते. आरीवर्कचं मात्र सोड. यूट्यूब बघून पहिलाच ब्लाउज लग्नाचा करायला निघालीस, बाई! साधा शिवून घे.

शाखेतून रोख भरल्याची पावती आणि कर्ज फिटल्याचं शिक्क्याचं पत्र, दोन्ही घेतल्याशिवाय आईला खुर्चीवरून उठू देऊ नकोस.