सूक्ष्मजीवशास्त्र ठेवू की रसायनशास्त्राकडे वळू?

सागरी बुरशीतून नवी संयुगं शोधायचं तुझ्या मनात आहे. बी.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्रात, जोडीला रसायनशास्त्र. एम.एस्सी.साठी विषय बदलू का, असं तू विचारतेस, आणि नोकरीच्या काळजीने आई-बाबा तयार नाहीत.

प्रवेशाच्या नियमांत बसत असेल, तर सेंद्रिय रसायनशास्त्र घे.

स्पंज, शैवाल किंवा समुद्रतळाच्या गाळातून बुरशी वेगळी करून वाढवणं आणि इथाइल ॲसिटेट या द्रावकाने तिचा अर्क काढणं तुला लवकर जमेल. खरी कसोटी त्यानंतर लागते. अर्कातली बरीच संयुगं आधीच कुणीतरी नोंदवलेली असतात. मास स्पेक्ट्रोमेट्रीची, म्हणजे रेणूंचं वजन मोजणाऱ्या तंत्राची, माहिती डेटाबेसशी ताडून ती आधी बाजूला काढावी लागतात. याला डीरेप्लिकेशन म्हणतात. उरलेलं एखादं संयुग एचपीएलसीने, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या तंत्राने, शुद्ध केलं, तर हाती जेमतेम काही मिलिग्रॅम येतं. तेवढ्यावरून एनएमआरचे, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना उलगडणाऱ्या तंत्राचे, आलेख वाचून कोणता कार्बन कुणाला जोडलाय हे ठरवायचं. इथे भलेभले अडतात.

याचं एक उदाहरण बघ. १९४५मध्ये इटालियन डॉक्टर ज्युसेप्पे ब्रोत्झू यांना इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या काल्यारी शहराजवळ, सांडपाणी समुद्राला मिळतं तिथे, टायफॉइडच्या जिवाणूंना रोखणारी बुरशी सापडली. त्यातलं औषधी द्रव्य शुद्ध करणं मात्र त्यांच्या आवाक्याबाहेर होतं. बुरशी ऑक्सफर्डला गेली. तिथे एडवर्ड अब्राहम आणि गाय न्यूटन यांनी सेफॅलोस्पोरिन सी वेगळं केलं. डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांनी त्याच्या रचनेवर शिक्कामोर्तब केलं तेव्हा १९६१ उजाडलं होतं. सेफॅलोस्पोरिन गटातली प्रतिजैविकं आजही रोज वापरली जातात.

तुझं सूक्ष्मजीवशास्त्र वाया जाणार नाही. मीठ किंवा वाढीचं माध्यम बदललं की तीच बुरशी वेगळी संयुगं बनवते, आणि प्रयोगशाळेत तिची कितीतरी जनुकं गप्पच असतात. त्यांना जागं कसं करायचं, हे निव्वळ रसायनशास्त्र शिकलेल्यांना सहसा सुचत नाही.

आई-बाबांना सांग, की एचपीएलसी, मास आणि एनएमआर येणाऱ्यांना औषधनिर्मिती, कीटकनाशकं, अन्नतपासणी, सगळीकडे काम असतं. मात्र स्वतःचं संशोधन करायचं तर पीएच.डी. लागेल, आणि नवं संयुग सापडलं म्हणजे औषध सापडलं असं नाही. बहुतेक संयुगं शोधनिबंधापुढे जात नाहीत. हे आत्ताच मान्य असेल तरच या वाटेला जा.

विभाग निवडताना तिथल्या विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचार: एनएमआरचे आलेख तुम्ही स्वतः सोडवता, की बाहेरून सोडवून येतात? बाहेरून येत असतील, तर दुसरा विभाग बघ.