गाण्याचे पैसे कोणाच्या खिशात जातात?

गाणी विकत घेण्या-विकण्याबद्दल नागपूरच्या वाचकांकडून महिनाभर हेच प्रश्न येऊन राहिले आहेत, म्हणून एकत्रच घेतो.

विदेशी साइटवर 5 रुपयांत गाणं मिळतं, कार्डाने पैसे घेतात, पावती मेलवर येते. म्हणजे कायदेशीरच ना? (धरमपेठ)

नाही. पावतीवरून तुम्ही पैसे दिले एवढंच कळतं, विकणाऱ्याला विकायचा हक्क होता का ते कळत नाही. रशियातली ऑलऑफएमपीथ्री ही साइट गाणी एमबीच्या हिशोबाने विकायची, आमच्याकडे रशियातल्या संस्थेचं लायसन्स आहे म्हणायची आणि म्युझिक कंपन्या म्हणायच्या की आम्ही परवानगी दिलीच नाही. 2007 मध्ये ती बंद झाली. "सगळेच तिथून घेतात" हे मला सांगू नका. लेबलच्या, म्हणजे गाणं काढणाऱ्या म्युझिक कंपनीच्या, पेजवर त्या दुकानाची लिंक नसेल तर कार्ड नंबर टाकू नका.

विकत घेतलेलं गाणं ग्रुपवर टाकलं तर चालतं का? (सदर)

नाही.

मी गाणं विकत घेतलं तर गायकाला किती मिळतात? (महाल)

ते करारावर असतं. आयट्यून्ससारखं दुकान साधारण 30 टक्के ठेवतं, बाकीचे लेबलकडे जातात, पुढचं लेबलच्या कागदात.

बाबांनी 2015 मध्ये एका स्टुडिओला आठ भीमगीतं लिहून दिली, 4000 रुपये एकदाच मिळाले. आता ती गाणी सगळ्या स्टोअरवर आहेत. मालक म्हणतो, स्टॅम्प पेपरवर सही केली, विषय संपला. (इंदोरा)

अजिबात संपला नाही, आणि असे कागद बघून जीव तुटतो. मागच्या दसऱ्याला दीक्षाभूमीजवळ एका स्टॉलवर पेनड्राइव्हमध्ये गाणी भरून देत होते, एक म्हातारे गीतकार बाजूला उभं राहून स्वतःचंच गाणं ऐकत होते, लिस्टमध्ये गायकाचं नाव होतं, त्यांचं नव्हतं. त्यांच्याकडेही असाच 100 च्या स्टॅम्पचा कागद, "सर्व हक्क कायमचे दिले", खाली थरथरती सही. पण 2012 मध्ये कॉपीराइट कायदा बदलला ना! तेव्हापासून गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच (सभासदांसाठी रॉयल्टी गोळा करणारी संस्था) देता येतो, बाकी कोणाला लिहून दिला तर तेवढं कलम रद्दच, आणि हक्क घेणाऱ्यासोबत रॉयल्टीत बरोबरीचा वाटा असतो. करारात मुदत लिहिलीच नसेल तर 5 वर्षं धरतात, कोणत्या भागासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीची मेंबरशिप घ्या, बाबांची हस्तलिखित वही जपा, स्टोअरवरच्या पानांचे तारखेसह स्क्रीनशॉट काढा. आणि "दिवाळीनंतर बघू" करू नका, नुकसानभरपाईच्या दाव्याला साधारण 3 वर्षांचीच मुदत असते. मूळ कागद घेऊन कॉपीराइटची कामं करणाऱ्या वकिलाकडे जा, झेरॉक्स बघून मी पक्कं सांगू शकत नाही.

60 वर्षांपूर्वीची रेकॉर्ड आहे, अपलोड करून विकू का? (इतवारी)

थांबा. 60 वर्षांची मुदत रेकॉर्डिंगची. शब्द आणि चाल यांची मुदत गीतकाराच्या आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालते. वारस कोण ते आधी शोधा, मग वकिलाला विचारा, मग अपलोड.